मदत हवी आहे: गाडी तापतेय, उद्या सकाळी कल्याणला जायचंय

सिडकोकर
गाडी हीट होतेय. कालपासून मीटरवर लाल दिवा लागतोय. एक मेकॅनिक म्हणतो रेडिएटर बदला, दुसरा म्हणतो हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उघडावं लागेल, गाडी सोडून जा. उद्या सकाळी आईला घेऊन नाशिकहून कल्याणला निघायचंय, दुपारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. गाडी नेऊ की नको? लवकर सांगा, प्लीज. फालतू चर्चा नको.

निफाडी_द्राक्ष
कोणती गाडी? किती सालची? पेट्रोल की डिझेल? 'गाडी तापते' एवढ्यावर काय सांगणार भाऊ?

घाटवाटा
आणि तापते कधी? उभी असताना की पळताना? कसाऱ्यात तापली असेल तर जाताना की येताना? जाताना उतार आहे, तिथे तापली तर प्रकरण गंभीर. येताना चढाला तापणं वेगळं.

बुलेटराजे
थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी अडवणारी ती झडप, काढून टाका. पाणी सतत फिरत राहतं, विषय संपला. माझ्या दोन्ही गाड्यांचा काढलाय.

स्पॅनर_काका
राजे, नको ते सल्ले देऊ नका. थर्मोस्टॅट साधारण ८०-९० डिग्रीला उघडतो तो इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून. काढला की इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त पितं. बिघडला असेल तर नवा टाकायचा.
सिडकोकर, वर विचारलंय त्याची उत्तरं द्या आधी.

सिडकोकर
कंपनीचं नाव लिहिलं की इथे 'माझी भारी की तुझी' सुरू होतं, म्हणून लिहीत नाही. हॅचबॅक, पेट्रोल, २०१६ची. काटा नाही, नुसता दिवा आहे. सकाळी निळा लागतो, मग जातो. काल द्वारका सर्कलला अडकलो तेव्हा लाल लागला, आज मुंबई नाक्याला. मध्ये ओझरला जाऊन आलो, हायवेला काही नाही.
गाडी नेऊ की नको, एवढंच सांगा.

गोदाकाठ
द्वारकेला गाडीच काय, माणूसही तापतो. एवढा उड्डाणपूल झाला, खाली तोच चिवडा.

निफाडी_द्राक्ष
बाटलीतलं कूलंट किती आहे? मिनिममच्या खाली गेलंय का?

सिडकोकर
खाली होतं. मी नळाचं पाणी भरलं, परत थोडं उतरलं.

निफाडी_द्राक्ष
नळाचं पाणी नका भरू हो! क्षार बसतात, रेडिएटरच्या नळ्या बुजतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिळतं ते. आणि हिरव्यात लाल मिसळू नका, मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच.

गोदाकाठ
गंगापूर धरणाचं पाणी आपण पितो, रेडिएटरला काय धाड भरलीय?

निफाडी_द्राक्ष
तुमच्या गीझरची कॉइल काढून बघा एकदा, मग बोलू.

स्पॅनर_काका
पाण्याचं भांडण नंतर. हायवेला ठीक आणि सिग्नलला तापते, म्हणजे पहिला संशय फॅनवर. गाडी पळते तेव्हा समोरून वारा मिळतो, उभी राहिली की सगळी भिस्त फॅनवर. रेडिएटर बुजला असता तर चढाला किंवा वेगात आधी तापली असती.
आत्ता इंजिन थंड असेल तर चालू करा, एसी लावा, बॉनेट उघडून बघा. थोड्या वेळात फॅन फिरायला हवा. हात लांब ठेवा, फॅन कधीही सुरू होतो.
दुसरं, सिग्नलला एसी गरम हवा मारतो का?

सिडकोकर
हो, मारतो. मला वाटलं गॅस कमी झालाय. त्याचा काय संबंध?

स्पॅनर_काका
एसीचा कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढेच असतो, बहुतेक छोट्या गाड्यांत दोघांना तोच वारा. फॅन बघा.

घाटवाटा
तोवर एक लक्षात ठेवा, वाटेत लाल दिवा लागला तर एसी बंद, हीटर फुल गरम, ब्लोअर फुल. आतली उष्णता केबिनमध्ये येते, घामाघूम व्हाल पण इंजिन वाचेल. बाजूला घ्या आणि इंजिन चालूच ठेवा म्हणजे पाणी फिरतं.

स्पॅनर_काका
शेवटचं अर्धवट आहे. फॅन फिरत असेल आणि कूलंट भरलेलं असेल तर चालू ठेवा. वाफ दिसली, फॅन बंद असला किंवा हीटरमधून अचानक गार हवा आली तर लगेच बंद करा. गार हवा म्हणजे आत पाणीच उरलं नाही. आणि झाकण अर्धा-पाऊण तास उघडायचं नाही. दाबाखाली पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण फिरवलं की एकदम तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतायचं नाही, हेड तडकतं.

हिरकणी_नाशिक
दादा, एवढं टेन्शन कशाला? आईंना सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने न्या, कल्याणला उतरा.

घाटवाटा
आणि कसाऱ्याच्या चढाला तर रेल्वेलाही मागून जादा इंजिनं लावावी लागतात, आपली हॅचबॅक कोण!

बुलेटराजे
समृद्धीने जा, इगतपुरीपासून बोगद्यातून थेट खाली. घाटच नको. टायरमध्ये नायट्रोजन भरून घ्या पण.

सिडकोकर
आईच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, ट्रेन नको. टायर कोणी विचारले?
फॅन बघितला. एसी लावून दहा मिनिटं झाली, फिरतच नाही.

स्पॅनर_काका
बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. इंजिन बंद करा, फॅनचा फ्यूज जळलाय का बघा. ठीक असेल तर फॅनची रिले (करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) काढून तिच्या जागी हॉर्नची लावा, पण दोन्हींवरचा नंबर तोच असेल तरच.

सिडकोकर
फिरला!! हॉर्नच्या रिलेवर फिरला! म्हणजे रेडिएटर नको, हेड नको?

स्पॅनर_काका
थांबा. सकाळी नवी रिले घ्या, हॉर्नशिवाय घाटात जाऊ नका. पण कूलंट कमी का होतंय ते राहिलंच. ऑइलची डिपस्टिक काढा, चहासारखं दुधाळ दिसतं का? सायलेन्सरमधून पांढरा धूर? तसं असेल तर हेड गॅसकेट, म्हणजे हेडखालचं सील, गेलंय, मग गाडी हलवू नका.

सिडकोकर
ऑइल काळंच आहे. धूर नाही. फक्त सीएनजी किटच्या खाली ओलसर दिसतंय, हिरवट डाग.

निफाडी_द्राक्ष
सीएनजी किट आहे हे आत्ता सांगताय??

सिडकोकर
नाशिकमध्ये आता कोणाकडे नाही?

स्पॅनर_काका
बाहेरून बसवलेलं असणार. सीएनजीच्या रेड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम ठेवायला इंजिनचंच कूलंट फिरवतात, त्यासाठी हीटरचा होज पाइप कापून टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकतात. तिथली क्लिप सैल झाली असेल. गार इंजिनवर क्लिप आवळा, पाइपला चीर असेल तर बदला. कूलंट भरून, हीटर गरमवर ठेवून चालवा, हवा निघाली की पातळी परत बघा.
मग अर्धा तास शहरात ट्रॅफिकमध्ये फिरवा. दिवा लागला नाही आणि पातळी तशीच राहिली तर न्या. घोटीला थांबून पुन्हा बघा, गार झाल्यावर. पातळी उतरली असेल तर तिथूनच दुसरी गाडी करा.

गोदाकाठ
सिलिंडरची हायड्रो टेस्ट, पाण्याच्या दाबाची चाचणी, झालीय का पण? दर तीन वर्षांनी लागते.

सिडकोकर
साहेब, रात्रीचे साडेदहा वाजलेत. आधी क्लिप आवळू द्या.