दगडीची लस : खर्च वाया की सड वाचतो?

संगमनेरहून
लाळ्या-खुरकुताची लस आपण न चुकता टोचून घेतो, मग दगडीची, म्हणजे कासेच्या सुजेची, का नाही? गेल्या पावसाळ्यात माझी दुसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन) गाय रात्री ठणठणीत होती. सकाळी धारेला बसलो तर मागचा उजवा सड तापलेला, कास घट्ट, पहिल्या धारेत पिवळट पाणी नि गाठी. पाच दिवस इंजेक्शनं, सडात ट्यूबा. औषधाचं दूध डेअरीला घालता येत नाही, रोज बादली उकिरड्यावर. गाय वाचली, सड गेला. युरोपात २००९ पासून मंजूर असलेली लस आहे : विण्याच्या ४५ दिवस आधी पहिला डोस, ३५ दिवसांनी दुसरा, त्यानंतर ६२ दिवसांनी तिसरा. यंदा मी देणार.

बारा गाई
दादा, सडाचं ऐकून वाईट वाटलं, पण लसीचं पटत नाही. लाळ्या-खुरकुताची सरकार फुकट टोचतं, ही खिशातून, तीही दर वेताला. आणि दगडी बहुतेक वेळा आपल्याच गोठ्यातल्या शेणातून, आपल्याच हातातून शिरते. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं राहतं. तेवढ्यात गाय ओल्यात बसली की झालंच. मी धार झाली की आयोडीनच्या कपात सड बुडवतो नि लगेच पुढ्यात मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) टाकतो, म्हणजे ती उभी राहते. तुम्ही करता का हे?

संगमनेरहून
मुरघास टाकतो. सड बुडवणं पावसाळ्यात सुटलं होतं, खोटं कशाला बोलू. कामाला माणूस मिळत नाही, मी बाहेर असलो की दोन्ही धारा बायको एकटी काढते. कधीतरी चुकणारच. चुकलं तरी जनावर तगावं, म्हणून लस.

पशुवैद्यक
ही लस मुख्यतः ई. कोलाय आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूंसाठी आहे. गोठ्यात स्ट्रेप्टोकोकस हा दुसरा जंतू असेल तर तिच्यावर विसंबू नका. म्हणून आधी तपासणी : सड पुसून, पहिल्या धारा सोडून, निर्जंतुक बाटलीत नमुना. लस देऊनही दगडी होऊ शकते, पण बहुधा सौम्य. गेलेला सड लसीने परत येत नाही. विण्याआधी गाय आटवताना, म्हणजे धार बंद करताना, सडात औषध सोडायचं की नाही, तेही डॉक्टरांना विचारून ठरवा.

बारा गाई
म्हणजे तपासणीचा खर्च वेगळाच! त्या पैशात मी रबरी मॅट घेईन, गाय रोज कोरड्यात बसेल.

संगमनेरहून
मॅट मीही घेणार आहे. पण दोघी गाभण आहेत, दिवस थांबत नाहीत. दुधात असलेल्या चौघींचे नमुने उद्याच देतो. ऑरियस किंवा कोलाय निघाला तर लस टोचणार, तुम्ही कितीही नाही म्हणा.