धाब्याचं घर आणि उताऱ्यावरची नावं

'कौलं परवडत नव्हती म्हणून सोलापूरकडं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची घरं' असं इथं कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि राहवेना. अहो, आमच्याकडं पाऊस बेताचा आणि एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर. तुळया, त्यावर कडीपाट, त्यावर पाला आणि वीतभर पांढरी माती. असल्या छताखाली दुपारी पंखा नसला तरी चालायचं. मृगाच्या आधी आजोबा धाब्यावर नवी माती टाकून चोपून घ्यायचे. माजघरात उजेड एकाच साण्यातून, म्हणजे छतातल्या भोकातून, आणि पाऊस आला की त्यावर पालथी घमेली टाकायला पोरांची धावपळ. भिंती हातभर रुंद, खाली दगड, वर पांढऱ्या मातीच्या. कोनाड्यात तर मी बसून अभ्यास केलाय!

आता जुन्या घराच्या मालकीचं, ज्यांनी विचारलंय त्यांच्यासाठी. तुमचं खरेदीखत मोडी लिपीत आहे, तेवढं लिप्यंतर करून घ्या. आमच्याकडं वाटणी तोंडी झाली, चौकात भिंत उठली, पण मिळकत पत्रिकेवर, म्हणजे घराच्या सरकारी उताऱ्यावर, अजून आजोबांचंच नाव. वारसनोंदीला गेलो तेव्हा कळलं, आत्यांना वगळता येत नाही. 1956 च्या वारसा कायद्यानं बापाच्या हिश्श्यात मुली होत्याच. 2005 च्या दुरुस्तीनं त्या जन्मानं सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीच्या वाटेकरी झाल्या, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यासाठी 2005 ला वडील हयात असायची अट नाही. थोरल्या आत्यानं एवढंच विचारलं, "चौकातली भिंत कधी पाडताय?"

काका अजून बोलत नाहीत.