वाढलेला कार्बन डायऑक्साइड माणसाचाच, हे कशावरून?

जिज्ञासू: समुद्र, जंगलं आणि माती मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याच्यापुढे माणसाचा वाटा जेमतेम ५ टक्के भरतो म्हणतात. मग तापमानवाढीचं खापर माणसावर का? शिवाय ज्वालामुखी आहेतच. आकड्यांसह सांगाल का?

जमाखर्च: ५ टक्के बरोबर आहे, पण ती वहीची एकच बाजू झाली. निसर्ग जेवढा सोडतो त्याहून जास्त परत शोषतो. माणूस जवळपास नुसता सोडतोच: जीवाश्म इंधनं आणि सिमेंट मिळून वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन, जंगलतोड वगैरेचे आणखी साधारण ४ अब्ज. हवेतलं प्रमाण १ पीपीएमने (दहा लाखांत एक भाग) वाढायला ७.८ अब्ज टन लागतात. म्हणजे सगळं हवेतच राहिलं असतं तर वर्षाला ५ पीपीएमहून अधिक वाढ झाली असती. मोजमापात दिसते अडीचच्या आसपास. बाकीचं समुद्र आणि झाडं पोटात घेतात. जो निव्वळ शोषतोय, तोच वाढीचं कारण कसा? ज्वालामुखी सगळे मिळून वर्षाला अर्धा अब्ज टनही सोडत नाहीत.

१ लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, पण त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो सुमारे २.३ किलो. यात चूक नाही. १२ भार कार्बनला हवेतला ३२ भार ऑक्सिजन चिकटतो, म्हणून वजन वाढतं. सिमेंटचं दुखणं वेगळं: १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हे ४४ किलो निघणारच.

समस्थानिक: वरच्या हिशेबाला स्वतंत्र पुरावाही आहे. कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार (समस्थानिक), त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे ५,७३० वर्षं. कोट्यवधी वर्षं गाडलेल्या कोळशात आणि तेलात तो उरतच नाही. शिवाय ही इंधनं मुळात जैविक, आणि वनस्पती हलका कार्बन-१२ जास्त उचलतात, म्हणून त्यांत जड कार्बन-१३ ही कमी. ज्वालामुखीच्या वायूत तो इतका कमी नसतो. हवेत या दोन्हींचं प्रमाण घसरलं आहे. फक्त कार्बन-१४ चे आकडे वाचताना जपा: १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी तो हवेत जवळजवळ दुप्पट केला होता. निव्वळ इंधनाचा परिणाम बघायचा तर त्याआधीची झाडांच्या खोडातली वार्षिक वर्तुळं बघावीत, त्यांत त्या-त्या वर्षीच्या हवेतला कार्बन साठलेला असतो.

हवेतला ऑक्सिजनही किंचित पण सतत घटतोय, कारण जळण्यात तो खर्च होतो. आणि पाण्यात विरघळून त्याला आम्ल करणारा हा कार्बन डायऑक्साइड समुद्रातून बाहेर येत असता तर समुद्राची आम्लता कमी झाली असती. ती वाढते आहे.

जिज्ञासू: वायूचं पटलं. पण तापमान सूर्यामुळे वाढत नसेल कशावरून?

जमाखर्च: सूर्य तापला असता तर हवेचे खालचे-वरचे दोन्ही थर तापले असते. उपग्रहांच्या मोजमापात खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होतंय. ओझोन घटल्याचा त्यात हात आहे, पण जितकं वर जावं तितकी कार्बन डायऑक्साइडची छाप ठळक होत जाते. तिथल्या विरळ हवेत तो वाढला की उष्णता अवकाशात जास्त फेकली जाते.