शब्दचर्चा : विकर, वितंचक, एन्झाइम

विचारणा

आरोग्य आणि उद्योग या दोन्ही क्षेत्रांत उपयोगी पडणाऱ्या जैविक रेणूंविषयीच्या एका माहितीपुस्तिकेचे मराठीकरण मी करत आहे. तिच्यात ‘एन्झाइम’ (सजीवांतील रासायनिक अभिक्रियांचा वेग वाढवणारा रेणू) ही संज्ञा जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात येते. शालेय पाठ्यपुस्तकांत तिच्यासाठी ‘विकर’ आहे, जुन्या शास्त्रीय लेखनात ‘वितंचक’ आढळतो, मराठी विश्वकोशात ‘एंझाइम’ आहे, आणि वर्तमानपत्रांत कधी ‘पाचक रस’ तर कधी ‘संप्रेरक’ असेही छापून येते. पुस्तिकेचे वाचक एकीकडे रुग्ण व त्यांचे नातेवाईक, तर दुसरीकडे कापड आणि साखर उद्योगांतील तंत्रज्ञ असे आहेत. दोघांसाठी एकच शब्द ठेवावा की वेगवेगळे? आणि सर्वांना ठाऊक असलेला ‘उत्प्रेरक’ का चालू नये?

पहिला प्रतिसाद

शब्द एकच ठेवावा, कारण वस्तू एकच आहे. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागू लागतो, तो लाळेतील अमायलेज या एन्झाइममुळे. ते पिठातील स्टार्चची लांब साखळी तोडून लहान शर्करा मोकळ्या करते. इचलकरंजीसारख्या ठिकाणी मागावर चढवण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ दिली जाते, ज्याला तेथे ‘सायझिंग’ म्हणतात. विणून झालेल्या सुती कापडावरची ही स्टार्चची खळ काढण्यासाठी जे वापरतात तेही अमायलेजच. फरक इतकाच की ते जिवाणूंपासून मिळवलेले आणि अधिक तापमानाला टिकणारे असते. तोंडात त्याला ‘पाचक रस’ म्हटले तर कापड कारखान्यात काय म्हणणार? शिवाय रस हे मिश्रण असते. जठररसात पेप्सिन असते, तसे हायड्रोक्लोरिक आम्लही असते, आणि पेप्सिनला त्या आम्लाची गरज असली तरी ते आम्ल म्हणजे एन्झाइम नव्हे.

‘उत्प्रेरक’ चुकीचा नाही, पण फार मोठा आहे. स्वतः खर्ची न पडता रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढवणारा तो उत्प्रेरक, मग तो वनस्पती तूप तयार करताना वापरला जाणारा निकेल धातू असो की लाळेतील अमायलेज. एन्झाइमचे वैशिष्ट्य त्याच्या निवडकपणात आहे आणि तेच ‘उत्प्रेरक’ या शब्दात सांडून जाते. खळीचेच उदाहरण पुढे नेतो. स्टार्च आणि कापसातील सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोजच्याच कड्यांनी बनलेले आहेत. स्टार्चमध्ये कड्या अल्फा प्रकारच्या बंधांनी जोडलेल्या असतात, सेल्युलोजमध्ये बीटा प्रकारच्या. खळ काढण्यासाठी आम्ल वापरले तर त्याला हा भेद कळत नाही, ते दोन्ही बंध तोडू लागते आणि सूत कमजोर होते. अमायलेज मात्र केवळ अल्फा बंधावर काम करते, म्हणून खळ जाते आणि कापड शाबूत राहते. आपल्याला तांदूळ पचतो आणि गवत पचत नाही, याचे कारणही हेच आहे. पुस्तिकेतील दोन्ही वाचकवर्गांना एकत्र आणणारी याहून चांगली जागा मला सुचत नाही.

तेव्हा माझे मत ‘विकर’ या शब्दाच्या बाजूने आहे. शाळेतून गेलेल्या दोन पिढ्यांनी तो वाचलेला आहे आणि तो लहान आहे.

दुसरा प्रतिसाद

‘वितंचक’ या शब्दाविषयी थोडे लिहितो, कारण तो निष्कारण अडगळीत गेला आहे असे मला मनापासून वाटते. संस्कृतात ‘तञ्च्’ या धातूला आकसणे, गोठणे असा अर्थ आहे आणि दूध विरजण्यासाठी त्यात घालायच्या पदार्थाला ‘आतंचन’ म्हणत. त्याच कुळातला हा शब्द आहे. ‘एन्झाइम’ हा शब्द 1870 च्या दशकात जर्मन शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी घडवला, त्याचा ग्रीक अर्थ ‘यीस्टमध्ये असलेले’ असा आहे. म्हणजे दोन्ही भाषांनी ही संज्ञा आंबवण्याच्या नाहीतर विरजण्याच्या कामातूनच उचलली. चीज तयार करताना दूध गोठवणाऱ्या कायमोसिनला ‘वितंचक’ म्हणणे तर शब्दशः बरोबर ठरेल.

तरीही आजच्या पुस्तिकेत मी तो सुचवणार नाही. यीस्टची जिवंत पेशी नसतानाही तिच्या नुसत्या अर्काने साखर आंबते, हे एडुआर्ट बुखनर यांनी 1897 मध्ये दाखवले, आणि युरिएज हे एन्झाइम स्फटिकरूपात वेगळे काढून ते प्रथिन असल्याचे जेम्स सम्नर यांनी 1926 मध्ये सिद्ध केले. त्यानंतर या संज्ञेची व्याप्ती दुधाच्या आणि यीस्टच्या फार पलीकडे गेली. ‘विकर’ या शब्दातील ‘बदल घडवणारे’ हा अर्थ त्या व्याप्तीला पुरा पडतो.

‘संप्रेरक’ मात्र कटाक्षाने टाळावा. संप्रेरक म्हणजे हॉर्मोन, रक्तावाटे एका अवयवाचा संदेश दुसऱ्याकडे नेणारा रेणू. इन्सुलिन संप्रेरक आहे; ते ग्लुकोज स्वतः तोडत नाही, पेशींना ते आत घेण्याचा संदेश देते. ग्लुकोमीटरच्या पट्टीवर मात्र अनेकदा ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर असते आणि ते ग्लुकोजवर प्रत्यक्ष अभिक्रिया घडवते. मधुमेहाच्या पानावर हे दोन्ही शब्द जवळजवळ येतील, तेथे गफलत झाली तर रुग्णाला काहीच उलगडणार नाही.

पुन्हा विचारणा

दोघांचेही आभार. ‘विकर’ स्वीकारतो. विशिष्ट विकरांची नावे मात्र तशीच ठेवावी लागतील असे दिसते. त्यांच्या लेखनाविषयी काही पथ्य आहे का?

तिसरा प्रतिसाद

एक काना सांभाळा, एवढेच मुख्य पथ्य आहे. ‘लॅक्टोज’ ही दुधातील साखर आणि ‘लॅक्टेज’ हे ती साखर तोडणारे विकर. दूध न पचणाऱ्या प्रौढ व्यक्तीच्या लहान आतड्यात कमी पडते ते लॅक्टेज. न तुटलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात जाते, तेथील जिवाणू ते आंबवतात आणि वायू धरतो. त्यामुळे ‘लॅक्टोजची कमतरता’ असे छापले गेले तर अर्थ नेमका उलटा होतो. माल्टोज आणि माल्टेज, सुक्रोज आणि सुक्रेज या जोड्यांनाही हाच धोका आहे. हा ‘एज’ प्रत्यय 1833 मध्ये पायाँ आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टमधून (मोड आणलेल्या बार्लीतून) मिळवलेल्या ‘डायस्टेज’ या नावावरून रूढ झाला. आपल्याकडील पचनाच्या औषधांच्या वेष्टनांवर ‘फंगल डायस्टेज’ आजही दिसते. पेप्सिन, ट्रिप्सिन, पपईच्या चिकातले पपेन ही नावे त्या प्रत्ययाविना राहिली. उलट, हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवण्यासाठी दिले जाणारे स्ट्रेप्टोकायनेज नावाने विकरासारखे असले तरी स्वतः विकर नाही; ते रक्तातील प्लाझ्मिनोजेन या प्रथिनाला चिकटून त्याला कामाला लावते.

रुग्णांसाठीच्या भागात एक सवलत घ्यावी. एसजीपीटी या यकृतातील विकराच्या रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की लोक ‘लिव्हरचे एन्झाइम वाढले’ असेच म्हणतात, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘विकर म्हणजेच एन्झाइम’ असे लिहून पुढे ‘विकर’ चालवावे. तेथेच हेही स्पष्ट करावे की हे विकर मुख्यतः यकृताच्या पेशींच्या आत काम करते, पेशींना इजा झाली की ते रक्तात पाझरते, आणि अहवालातला आकडा त्या पाझरण्याचा असतो.

साखर कारखान्यांसाठीच्या भागात इन्व्हर्टेज अवश्य घ्या. तोडलेला ऊस पडून राहिला की उसातलेच हे विकर सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते. त्यांचे दाणे पडत नाहीत, ती मळीत जातात आणि उतारा, म्हणजे उसापासून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण, घटतो. येथे ‘विकर’ हा शब्द तंत्रज्ञांना नवा वाटला तरी ‘उतारा’ शेजारी असल्यामुळे अर्थ लगेच लागेल.

शेवटी, ‘विकर’ नपुंसकलिंगी आहे : ते विकर, ती विकरे, विकरांचा. ‘विकार’ या शब्दापासून त्याला मुद्रितशोधनात जपावे लागेल, विशेषतः जी-सिक्स-पीडी या विकराच्या कमतरतेविषयीच्या पानावर. ही कमतरता असलेल्यांना हिवतापावरील प्रायमाक्विन दिल्यास तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात, त्यामुळे त्या पानावर ‘विकराचा अभाव’ याऐवजी ‘विकाराचा अभाव’ छापले गेले, तर रुग्ण स्वतःला निरोगी समजेल.