मदत हवी आहे: दोन भागांतले फ्लॅट तोलायचे कसे?

भाड्याचे दोन फ्लॅट नक्की केलेत, पण भाग ठरत नाहीये. एक स्टेशनजवळ, जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दुसरा शहराच्या कडेला, नवा, दीडपट मोठा, भाडं तेवढंच. ऑफिसला पहिल्यापासून २५ मिनिटं, दुसऱ्यापासून ५५. येऊन-जाऊन रोज तासाचा फरक, २२ दिवसांचे महिन्याला २२ तास. (हा वेळ सकाळी साडेआठचा धरलाय. नकाशावरचा दुपारचा आकडा फसवतो.)

घर तपासणं जमतं. सकाळी नळ आणि शॉवर एकदम सोडून धार बघायची, बाहेरच्या भिंतीचे कोपरे तळहाताने चाचपायचे. नवा रंग डाग झाकतो, पण ओलीचा गारवा हाताला लागतोच. भागाचं काय? रात्री अकराचा आवाज, शेवटची बस, पावसात साचणारं पाणी एका फेरीत कळत नाही. वॉचमनला विचारावं की तळमजल्यावरच्या भाडेकरूला? दलाल तर सगळं उत्तमच सांगणार. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर बांधकाम येणार का, हे कसं शोधता? आणि मोठ्या घरासाठी लांबचा प्रवास ज्यांनी स्वीकारला, त्यांना तो वर्षभराने परवडला का?