स्वतःच्या लेकीला पेंटा लस द्यायची वेळ आली आणि...

प्रश्न:
९ वर्षं एएनएम (उपकेंद्रातली सिस्टर) आहे. गावातल्या पोरांना डाव्या मांडीत पेंटा (डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरची लस) टोचताना माझी पापणी लवत नाही. परवा माझी लेक दीड महिन्याची झाली. सासूबाई म्हणतात, "शहरात न दुखणारी, ताप न येणारी लस मिळते, तिकडे ने." खरं सांगते, मनात आलंच. पण मग सत्राच्या दिवशी आयांना काय तोंड दाखवू?

उत्तर (बालरोगतज्ज्ञ):
त्या लशीत डांग्या खोकल्याचा अख्खा जंतू नसतो, म्हणून ताप कमी येतो. पण संरक्षणही लवकर ओसरतं. माझ्या दोघांना मी तापवालीच दिली. (बायको दोन दिवस बोलत नव्हती, ते वेगळं.)

उत्तर (आशा):
ताई, नेऊ नका हं. सिस्टरनं आपलं पोर कुठं नेलं, ते गावाला आधी कळतं. मग मी घरोघरी जाऊन काय सांगू?

प्रश्नकर्ती:
दिली. शेजारच्या उपकेंद्रातल्या सिस्टरनं टोचली, माझा हात धजेना. बाटलीवरचा व्हीव्हीएम (उष्णतेनं लस खराब झाली का, ते दाखवणारी खूण) मात्र मीच तीनदा पाहिला, आतला चौकोन पांढराच होता, म्हणजे लस चांगली. रात्री १०१ ताप, पॅरासिटामॉलचे थेंब, दोनपर्यंत मांडीवर. सासूबाई शेजारी बसून होत्या. अवाक्षर नाही.