कोर्सची निष्पत्ती, प्रोग्रामची निष्पत्ती: मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : नॅकसाठी (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) विभागाची माहिती मराठीत लिहितोय. मसुद्यात 'कोर्स आउटकम' (सीओ : एक विषय शिकून विद्यार्थ्याला काय येतं) आणि 'प्रोग्राम आउटकम' (पीओ : पूर्ण पदवीअखेर काय येतं) दोन्हींना 'अभ्यासक्रम निष्पत्ती' म्हटलंय. वेगळे शब्द आहेत का? आणि 'उद्दिष्ट' चालेल का?

उत्तर : सगळा घोळ 'अभ्यासक्रमा'चा, एकाच शब्दाचे तीन अर्थ. बीएस्सीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, थर्मोडायनॅमिक्सचा अभ्यासक्रम अवघड, आणि परीक्षा आली तरी अभ्यासक्रम संपलेला नाही! नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने प्रोग्रामला 'शिक्षणक्रम' रुळवलाय, तोच उचला. कोर्सला सरळ 'विषय' म्हणा, स्टाफरूममध्ये तेच म्हणतात. म्हणजे 'विषय निष्पत्ती' आणि 'शिक्षणक्रम निष्पत्ती'. शालेय पुस्तकांमुळे 'निष्पत्ती' ओळखीचा झालेलाच आहे.

'उद्दिष्ट' मात्र नको. डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे संगणकात माहिती मांडायच्या स्टॅक, क्यू, ट्री अशा रचना, हा विषय घ्या. 'स्टॅक, क्यू यांची ओळख करून देणे' हे शिकवणाऱ्याचं उद्दिष्ट. 'दिलेल्या कामासाठी स्टॅक, क्यू की ट्री हे ठरवून, शोधायला लागणारा वेळ काढता येतो' ही विद्यार्थ्याची निष्पत्ती. शिवाय एनबीएच्या (अभियांत्रिकीसारख्या शिक्षणक्रमांना मानांकन देणारं मंडळ) कागदांत 'एज्युकेशनल ऑब्जेक्टिव्ह' वेगळंच असतं : पदवीनंतर काही वर्षांनी विद्यार्थी कुठे पोचलेला असावा, ते. 'उद्दिष्ट' त्यासाठी राखून ठेवा.

आणखी एक उत्तर : शब्द मिळाले, पण सीमारेषा? माझी कसोटी : एका सत्राच्या पेपरात किंवा प्रात्यक्षिकात तपासता येतं ना? मग ती विषयाची निष्पत्ती. 'गुंतागुंतीच्या प्रश्नाचं विश्लेषण करता येतं' हे कुठल्याही एका पेपरात मावत नाही, ते पदवी हातात येईपर्यंत साचत जातं, म्हणून ती शिक्षणक्रमाची.

लिहितं कोण, तेही बघा. अभियांत्रिकीत शिक्षणक्रमाच्या निष्पत्ती कॉलेज ठरवत नाही, एनबीए देते. बरीच वर्षं त्या 12 होत्या, नव्या आराखड्यात 11 आहेत. त्यांचं मूळ वॉशिंग्टन कराराच्या (अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणारा करार) पदवीधर-गुणांत; भारत 2014 पासून त्याचा कायम सदस्य. विभागाच्या हाती उरतात पीएसओ (त्या शाखेच्या खास निष्पत्ती) आणि विषयवार सीओ. एका विषयाचे पाचसहा सीओ पुरे.

मग येतो तो तक्ता. प्रत्येक सीओसमोर प्रत्येक पीओला 1, 2, 3 (संबंध कमी, मध्यम, जास्त) किंवा रिकामा चौकोन. डेटा स्ट्रक्चर्सच्या सीओसमोर जुन्या यादीतल्या 'पर्यावरण व शाश्वतता' या पीओखाली 3 दिसला, की समजावं कोणीतरी रात्री अकराला तक्ता भरलाय. याच आकड्यांवरून पुढे पीओची पूर्तता काढतात, म्हणून 3 ठोकायचा मोह होतो. संबंध नसेल तिथे चौकोन रिकामाच सोडा.

प्रश्नकर्ता : आभार. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं काय? 'संघात काम करता येतं' असा सीओ आहे आमचा.

उत्तर : तो सीओ नाही, पीओच उतरवून काढलाय. प्रोजेक्ट हाही विषयच. 'गटातल्या आपल्या वाट्याच्या कामाची नोंदवही ठेवतो आणि तोंडी परीक्षेत त्या कामाचं समर्थन करतो' असं काहीतरी लिहा. बाहेरच्या परीक्षकाला नोंदवही उघडून गुण देता आले पाहिजेत.